रसातले ‘क’ आणि त्यापलीकडचे काही

वांगे चिरले की फोडी लगेच पाण्यात टाकायच्या, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्याला वेगळे शिकवावे लागत नाही. तसे केले नाही तर फोडी काळ्या पडतात. बटाटा, केळे, सफरचंद यांचेही तेच. लिंबू किंवा मोसंबी मात्र कापून तासभर ठेवली तरी काळी पडत नाही. उलट सफरचंदाच्या फोडींना लिंबू चोळले की त्या बराच वेळ पांढऱ्या राहतात. शंभर वर्षांपूर्वी हॉलंडमधल्या ग्रोनिंगेन शहरात एक तरुण हंगेरियन डॉक्टर या साध्या फरकाच्या मागे लागला होता. त्यांचे नाव आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी. जीवनसत्त्व क वेगळे काढल्याबद्दल जग त्यांना ओळखते. पण फळांच्या रसात ‘क’ खेरीज आणखी काही उपयोगी असावे, हा धागाही त्यांनीच पहिल्यांदा हातात धरला होता.

आज बाजारात ‘मेंदूसाठी’, ‘स्मरणशक्तीसाठी’ अशी अक्षरे छापलेल्या फळपेयांच्या बाटल्या दिसतात. वयस्कर आईवडिलांना विसर पडू लागला की मुले डाळिंबाचा, बेरीचा, संत्र्याचा रस सुरू करतात आणि ओपीडीत येऊन ‘चालेल ना?’ असे विचारतात. या प्रश्नाचे उत्तर नीट द्यायचे तर या शास्त्रज्ञाच्या आयुष्याकडे एकदा वळून पाहणे उपयोगाचे आहे.

मामांचा नावडता भाचा

सेंट-ग्यॉर्गी यांचा जन्म १६ सप्टेंबर १८९३ रोजी बुडापेस्टमध्ये झाला. आईच्या माहेरी विद्वानांची परंपरा होती. आजोबा शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक होते आणि मामा मिहाय लेनहोसेक हे नावाजलेले ऊतिशास्त्रज्ञ होते. घरात जेवणाच्या टेबलावर विज्ञान, संगीत आणि पुस्तके यांच्या गप्पा चालत. लहान आल्बर्टला मात्र अभ्यासात गती नव्हती. सोळा वर्षांचे होईपर्यंत पुस्तकाची गोडी लागली नाही आणि मामांना हा भाचा अगदी मंद वाटे. त्याने संशोधनात यावे याला त्यांचा विरोध होता. पुढे मुलगा एकाएकी वाचू लागला, गुण मिळवू लागला, तेव्हा त्यांचा विरोध हळूहळू मावळला.

१९११ मध्ये आल्बर्टने वैद्यकीय शिक्षणाला प्रवेश घेतला आणि लवकरच मामांच्याच प्रयोगशाळेत काम सुरू केले. मामांना मूळव्याधीचा त्रास होता. त्यामुळे भाच्याला दिलेला पहिला विषय गुदद्वाराच्या अस्तराच्या रचनेचा होता! विद्यार्थिदशेतच त्यावर त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला.

तेवढ्यात पहिले महायुद्ध सुरू झाले. सैन्याच्या वैद्यकीय पथकात त्यांना आघाडीवर जावे लागले. शौर्यासाठी रौप्यपदक मिळाले. पण दोन वर्षे चिखलात, मृत्यूच्या सान्निध्यात काढल्यावर हे युद्ध निरर्थक आहे, अशी त्यांची खात्री झाली. १९१६ मध्ये त्यांनी स्वतःच्या दंडात गोळी झाडून घेतली आणि ती शत्रूची असल्याचे सांगितले. जखमी म्हणून त्यांना घरी पाठवले गेले आणि १९१७ मध्ये त्यांनी वैद्यकीय पदवी पूर्ण केली. त्याच वर्षी त्यांनी लग्न केले.

युद्धानंतर हंगेरीची वाताहत झाली. पत्नी आणि लहान मुलगी यांना घेऊन हा डॉक्टर प्राग, बर्लिन, हँबुर्ग, लायडेन असा फिरत राहिला. कुठे उष्ण कटिबंधातील रोग शिकला, कुठे औषधशास्त्र, कुठे जीवरसायन. पगार तुटपुंजा, कधी तोही नाही. या भटकंतीत १९२२ च्या सुमारास ते ग्रोनिंगेनला पोहोचले.

एका सेकंदाचा उशीर

तिथे दिवसा विद्यार्थ्यांना शिकवायचे आणि उरलेल्या वेळात स्वतःचा प्रश्न सोडवायचा, असा त्यांचा क्रम होता. प्रश्न असा होता : पेशी अन्नाचे ज्वलन कसे करतात? प्राण्यांच्या पेशी गुंतागुंतीच्या, म्हणून त्यांनी वनस्पती घेतल्या. काही फळे-भाज्या इजा झाली की काळ्या पडतात आणि काही पडत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले.

काळे पडण्यामागचे कारण आज आपल्याला चांगले ठाऊक आहे. वनस्पतींत पॉलिफेनॉल नावाच्या संयुगांचा मोठा गट असतो. सालीचा रंग, तुरटपणा, कडवटपणा यांपैकी बराच भाग याच संयुगांमुळे येतो. वांगे चिरले की पेशी फुटतात, एक विकर या पॉलिफेनॉलना हवेतल्या ऑक्सिजनशी जोडते आणि तपकिरी पदार्थ तयार होतो. लिंबूवर्गीय फळांत असे होत नाही. त्यांच्यात पेरॉक्सिडेज नावाचे दुसरे विकर असते.

हे पेरॉक्सिडेज शुद्ध करून त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड आणि बेंझिडीन घातले की लगेच गडद निळा रंग येतो. शुद्ध विकराऐवजी फळाचा पिळलेला रस वापरला, तर निळा रंग यायला साधारण एका सेकंदाचा उशीर होतो. सेंट-ग्यॉर्गी त्या एका सेकंदावर अडले. रसात असे काहीतरी आहे जे रंग तयार होताच त्याला परत विरंगी करते आणि ते संपल्यावरच निळा रंग टिकतो, असे त्यांनी अनुमान काढले. म्हणजे रसात एक जोरदार क्षपणकारी, आजच्या भाषेत ‘अँटिऑक्सिडंट’ पदार्थ होता. तोच पदार्थ त्यांना मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीतही सापडला.

पण त्यांना पाठीशी घालणारे प्राध्यापक हॅम्बर्गर १९२४ मध्ये वारले. नव्या प्रमुखांना या कामात रस नव्हता आणि सेंट-ग्यॉर्गी बेकार झाले. पत्नी-मुलीला माहेरी पाठवावे लागले. आयुष्य संपवण्याचा विचारही त्यांच्या मनात आला होता. जाण्यापूर्वी एकदा मोठमोठ्या शास्त्रज्ञांना ऐकावे म्हणून १९२६ मध्ये ते स्टॉकहोमच्या शरीरक्रियाशास्त्र परिषदेला गेले. अध्यक्षीय भाषणात केंब्रिजचे सर फ्रेडरिक गॉवलंड हॉपकिन्स यांनी ज्या संशोधनाचा आदराने उल्लेख केला, ते चक्क त्यांचे स्वतःचे होते. भाषणानंतर त्यांनी धीर करून हॉपकिन्स यांची गाठ घेतली आणि केंब्रिजचे दार उघडले.

ना नाव ठाऊक, ना काम

केंब्रिजमध्ये त्यांनी अधिवृक्क ग्रंथी, संत्री आणि कोबी यांतून तो पदार्थ स्फटिकरूपात वेगळा केला. त्यात सहा कार्बन, आठ हायड्रोजन आणि सहा ऑक्सिजनचे अणू होते. तो शर्करेच्या जातीचा दिसत होता, पण नेमका काय ते कळत नव्हते. विनोदी स्वभावाच्या सेंट-ग्यॉर्गींनी शोधनिबंधात त्याला आधी आपल्या अज्ञानावरून नाव दिले आणि संपादकांनी ते नाकारल्यावर देवालाच ठाऊक अशा अर्थाचे दुसरे सुचवले. संपादकांना हा विनोद रुचला नाही. शेवटी ‘हेक्झुरॉनिक आम्ल’ या गंभीर नावाने १९२८ मध्ये निबंध छापून आला.

अडचण होती ती प्रमाणाची. रचना शोधायला ग्रॅमभर पदार्थ पुरेना. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये वर्षभर राहून, कत्तलखान्यांतून गुरांच्या अधिवृक्क ग्रंथी गोळा करून त्यांनी सुमारे २५ ग्रॅम मिळवले. तेही अपुरे ठरले. १९३० च्या सुमारास हंगेरीच्या शिक्षणमंत्र्यांच्या आग्रहावरून ते मायदेशी, सेगेद विद्यापीठात परतले.

तिथे १९३१ मध्ये जोसेफ स्विरबेली नावाचा अमेरिकेतला तरुण आला. त्याने पिट्सबर्गमध्ये चार्ल्स ग्लेन किंग यांच्याकडे जीवनसत्त्व क वर काम केले होते आणि एखाद्या पदार्थात ते आहे की नाही हे गिनीपिगवर तपासायला तो शिकला होता. माणसाप्रमाणेच गिनीपिगलाही ‘क’ स्वतः तयार करता येत नाही. आहारात ते नसेल तर त्याला स्कर्व्ही होते : हिरड्या आणि सांधे यांतून रक्तस्राव होतो आणि प्राणी दगावतो. स्विरबेलीने हेक्झुरॉनिक आम्ल दिलेले गिनीपिग ठणठणीत राहिले. बाकीचे स्कर्व्हीने मेले. तो अनोळखी पदार्थच जीवनसत्त्व क होता. १९३२ च्या एप्रिलमध्ये किंग यांनीही हाच शोध अवघ्या दोन आठवड्यांच्या अंतराने आधी जाहीर केला. श्रेय कोणाचे यावरून पुढे बराच वाद झाला.

आता प्रश्न उरला होता तो पुरेशा प्रमाणाचा. सेगेद हा लाल पाप्रिका मिरचीचा प्रदेश. आपल्या ढब्बू मिरचीची ही तिथली बहीण. एका संध्याकाळी पत्नीने जेवणात लाल मिरची वाढली. त्यांना ती खायची नव्हती, पण तसे सांगायचे धैर्य नव्हते. इतक्या वनस्पती तपासल्या, ही राहिलीच, असे लक्षात आल्यावर ती मिरची घेऊन ते प्रयोगशाळेत गेले. मध्यरात्रीपर्यंत उत्तर मिळाले होते. लाल ढब्बू मिरचीत शंभर ग्रॅममागे सव्वाशे ते दीडशे मिलिग्रॅम ‘क’ असते, म्हणजे संत्र्याच्या दुपटीहून जास्त, आणि रसात साखर कमी असल्याने ते वेगळे काढणेही सोपे. काही आठवड्यांत किलोच्या मापात ‘क’ तयार झाले. त्यांनी ते जगभरच्या संशोधकांना वाटले. बर्मिंगहॅमच्या वॉल्टर हॅवर्थ यांनी त्याची रचना उलगडली आणि दोघांनी मिळून त्याचे नाव ‘अॅस्कॉर्बिक आम्ल’, म्हणजे स्कर्व्ही होऊ न देणारे, असे ठेवले. १९३७ मध्ये सेंट-ग्यॉर्गींना वैद्यकाचे नोबेल मिळाले आणि हॅवर्थ यांना त्याच वर्षी रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले.

शुद्ध औषध हरले, मिरची जिंकली

आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची घटना या धामधुमीत घडली. ऑस्ट्रियातल्या एका सहकाऱ्याचे त्यांना पत्र आले. त्या गृहस्थाला त्वचेखाली रक्तस्राव होण्याचा आजार होता आणि त्याला अॅस्कॉर्बिक आम्ल घेऊन पाहायचे होते. शुद्ध स्फटिक तेव्हा पुरेसे नव्हते. म्हणून सेंट-ग्यॉर्गींनी पाप्रिकाचा कच्चा अर्क पाठवला. त्यात ‘क’ भरपूर होते, पण बाकीचा गाळही होता. रुग्ण बरा झाला. पुढे मित्र इश्तवान रुस्न्याक यांच्यासोबत तशाच रुग्णांना त्यांनी शुद्ध अॅस्कॉर्बिक आम्ल दिले. काहीच फरक पडला नाही!

म्हणजे काम करणारे दुसरेच काही त्या गाळात होते. लिंबाच्या रसातही ते मिळाले. त्या मिश्रणाला त्यांनी ‘सिट्रिन’ म्हटले आणि त्यात फ्लॅव्होनॉइड आहेत हे ओळखले. हे पॉलिफेनॉलच्या कुटुंबातलेच. मोसंबी-संत्र्यातले हेस्पेरिडीन हे त्यांपैकी एक. केशवाहिन्यांच्या भिंतीतून होणारी गळती ते कमी करतात, असे १९३६ मध्ये त्यांनी मांडले आणि पारगम्यतेच्या आद्याक्षरावरून त्याला ‘जीवनसत्त्व पी’ असे नाव दिले.

नाव गाजले. पण जीवनसत्त्व म्हणण्याची कसोटी कडक असते. तो पदार्थ आहारातून काढला की ठराविक आजार झाला पाहिजे आणि परत दिला की तो गेला पाहिजे. इतर प्रयोगशाळांना सेगेदसारखे निकाल मिळेनात. खुद्द सेगेदमध्येही प्रयोग पुन्हा केल्यावर निकाल डळमळले. प्राण्यांच्या आहारात ‘क’ अगदी थोडे जरी शिल्लक असले तरी सगळे गणित बदलत होते. शेवटी १९५० मध्ये अमेरिकेतील जीवरसायन आणि पोषणशास्त्र यांच्या संस्थांच्या संयुक्त नामकरण समितीने ‘जीवनसत्त्व पी’ हे नाव वापरू नये, अशी शिफारस केली. फ्लॅव्होनॉइड हे जीवनसत्त्व नाही. ते न मिळाल्याने होणारा असा कोणताही आजार नाही. पण ते शरीरात काहीच करत नाहीत, असेही त्यावरून सिद्ध झाले नाही. हा प्रश्न कित्येक दशके बाजूला पडून राहिला.

अस्वस्थ उत्तरायुष्य

सेंट-ग्यॉर्गी त्याआधीच दुसऱ्या विषयाकडे वळले होते. नोबेल मिळाल्यावर त्यांनी स्नायू हाती घेतला. सेगेदच्या प्रयोगशाळेत इलोना बांगा आणि ब्रुनो श्ट्राउब यांच्यासोबत अॅक्टिन आणि मायोसिन ही प्रथिने एकत्र येऊन स्नायू कसा आकुंचन पावतो, हे उलगडले. आजही वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला हाच धडा शिकवला जातो.

राजकारणापासून ते दूर राहिले नाहीत. सोव्हिएत आक्रमणाशी लढणाऱ्या फिनलंडच्या मदतीसाठी १९४० मध्ये त्यांनी आपले सोन्याचे नोबेल पदक देऊन टाकले. १९४३ मध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने ते इस्तंबूलला गेले आणि हंगेरीला हिटलरच्या युतीतून बाहेर काढण्यासाठी गुप्तपणे दोस्तराष्ट्रांशी संपर्क साधला. बातमी जर्मनांना लागली. त्यांना आधी नजरकैद झाली आणि नंतर युद्ध संपेपर्यंत त्यांना लपून राहावे लागले. स्वीडनच्या राजाने त्यांना आपले नागरिकत्व दिले. युद्धानंतर सोव्हिएत राजवटीशीही त्यांचे जुळले नाही आणि १९४७ मध्ये ते अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरील वुड्स होल इथल्या सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत गेले.

उरलेली जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी तिथेच काढली. पत्नी मार्ता १९६३ मध्ये आणि एकुलती मुलगी १९६९ मध्ये कर्करोगाने गेल्या. त्यांनी कर्करोगावर काम केले, पण त्यांच्या त्या सिद्धान्तांना वैज्ञानिकांची मान्यता मिळाली नाही. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात ते बोलत आणि लिहीत राहिले. ‘क’ मोठ्या मात्रेत घ्यावे, शिफारस केलेले प्रमाण फारच कमी आहे, असेही त्यांचे मत होते. या मताचे पुढे अनेक चाचण्यांतून परीक्षण झाले. रोज मोठ्या मात्रेत ‘क’ घेतल्याने सर्वसामान्य माणसाला सर्दी होणे टळत नाही. झालेली सर्दी किंचित लवकर बरी होते, इतकेच. शोधकर्त्याचे नाव कितीही मोठे असले तरी त्याच्या मताला पुराव्याची चाचणी चुकत नाही. २२ ऑक्टोबर १९८६ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मेंदूपर्यंत काय पोहोचते?

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. फळांच्या रसातून मेंदूला काय मिळते?

पहिले उत्तर त्यांच्याच ‘क’चे. मेंदू हा ‘क’ साठवून ठेवणारा अवयव आहे. मेंदूभोवतीच्या द्रवात ते रक्तातल्यापेक्षा कित्येक पट जास्त असते. आहारात तुटवडा झाला तर शरीरातले बाकीचे अवयव रिकामे होतात, पण मेंदू आपला साठा बराच काळ धरून ठेवतो. डोपामाइनपासून नॉरअॅड्रिनलिन तयार करणाऱ्या विकराला ‘क’ लागते. स्कर्व्हीच्या रुग्णांत रक्तस्रावाच्या आधी मरगळ आणि उदासी दिसते, त्याचे हे एक कारण असावे. पण प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम ‘क’ पुरते, अशी आपल्या आयसीएमआरची शिफारस आहे. एक पेरू खाल्ला तर त्याहून जास्त मिळते. तुटवडा नसताना वरून घेतलेले बहुतेक ‘क’ लघवीवाटे निघून जाते.

दुसरे उत्तर फ्लॅव्होनॉइडचे आणि इथे ‘जीवनसत्त्व पी’ची जुनी गोष्ट पुन्हा समोर येते. ही संयुगे थेट मेंदूत जाऊन ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून काम करतात, अशी समजूत बरीच वर्षे होती. पण रक्तात ती फार थोडी पोहोचतात आणि मेंदूत त्याहूनही कमी. हेस्पेरिडीन तर मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंनी तोडल्याशिवाय नीट शोषलेच जात नाही, म्हणून एकाच रसाचा परिणाम दोन माणसांत वेगळा दिसू शकतो. सध्या अधिक पटणारे स्पष्टीकरण रक्तवाहिन्यांचे आहे. फ्लॅव्होनॉइडमुळे रक्तवाहिनीच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड जास्त सुटते, वाहिनी सैल होते आणि रक्तप्रवाह वाढतो. फ्लॅव्होनॉइडयुक्त लिंबूवर्गीय रस प्यायल्यानंतर दोन तासांनी मेंदूच्या पुढच्या भागातील रक्तप्रवाह वाढल्याचे एमआरआयमध्ये दिसले आहे. सेंट-ग्यॉर्गींनी १९३६ मध्ये बोट ठेवले होते ते रक्तवाहिन्यांवरच.

स्मरणशक्तीचे काय? इंग्लंडच्या रीडिंग विद्यापीठात ३७ निरोगी ज्येष्ठांना आठ आठवडे रोज अर्धा लिटर संत्र्याचा रस दिला. तुलनेसाठी दिलेल्या पेयात फ्लॅव्होनॉइड फार कमी होते. रस घेतल्यानंतर त्यांच्या आकलनाच्या एकत्रित गुणांत थोडी सुधारणा झाली. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सिनसिनाटी विद्यापीठातले द्राक्ष आणि ब्लूबेरी रसाचे २०१० मधले अभ्यास तर १२ आणि ९ जणांवरचे होते. सिअॅटलच्या परिसरात १८०० हून अधिक जपानी-अमेरिकन ज्येष्ठांना अनेक वर्षे पाहिले, तेव्हा आठवड्यातून तीन वेळा किंवा अधिक रस पिणाऱ्यांत अल्झायमरचे प्रमाण बरेच कमी आढळले. पण रस पिणारी माणसे शिक्षण, चालणे-फिरणे, बाकीचा आहार अशा इतर गोष्टींतही वेगळी असू शकतात. शिवाय अशा काही अभ्यासांना रस विकणाऱ्या उद्योगांचा निधी असतो, हेही लक्षात ठेवावे.

सर्वांत मोठ्या चाचण्या रसाच्या नाहीत, कोकोपासून काढलेल्या फ्लॅव्हॅनॉलच्या आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ३५६२ ज्येष्ठांनी भाग घेतला. त्यांना तीन वर्षे रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हॅनॉल किंवा नकली गोळी दिली. सगळ्यांचा एकत्र विचार केला तर ठळक फायदा दिसला नाही. ज्यांच्या रोजच्या आहारात अशी संयुगे मुळातच कमी होती, त्यांची स्मरणशक्ती मात्र थोडी सुधारली. याच प्रकल्पातल्या २२०० हून अधिक जणांच्या दुसऱ्या अभ्यासात कोकोच्या अर्काने आकलनात सुधारणा झाली नाही. थोडक्यात, फळे-भाज्या न खाणाऱ्याला फायदा होऊ शकतो. नीट खाणाऱ्याला बाटलीतून वेगळे काही मिळेल, असा पुरावा नाही.

मग काय करावे?

रसाची दुसरी बाजू साखरेची. पाव लिटर संत्र्याच्या रसात, वरून साखर घातली नाही तरी, वीस ग्रॅमच्या आसपास साखर असते. जागतिक आरोग्य संघटना रसातली साखर ही मधासारखी ‘मुक्त साखर’ धरते आणि ती दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात अख्खी फळे खाणाऱ्यांत मधुमेहाचा धोका कमी, तर फळांचा रस पिणाऱ्यांत थोडा जास्त आढळला. मधुमेह हे स्वतःच स्मृतिभ्रंशाचे एक कारण आहे. मेंदूसाठी म्हणून रोज गोड रस पाजणे हा उलटा सौदा ठरू शकतो.

हेस्पेरिडीन सर्वांत जास्त असते ते मोसंबी-संत्र्याच्या पांढऱ्या गाभ्यात आणि फोडींच्या पापुद्र्यात. रस गाळताना नेमके तेच चोथ्यात जाते. म्हणून फोडी पापुद्र्यासकट खाव्यात. जांभूळ, कोकम, डाळिंब यांचा लाल-जांभळा रंगही फ्लॅव्होनॉइड कुटुंबातलाच. तो उष्णतेने बराच कमी होतो, म्हणून साखरेच्या पाकात उकळून वर्षभर टिकवलेल्या सरबतापेक्षा आमसुले भिजवून केलेले, बेताच्या साखरेचे कोकम सरबत बरे. रक्तदाबाच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू असतील तर ग्रेपफ्रूटचा रस किंवा पपनस नियमित घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. त्यातील काही संयुगे औषधे मोडणाऱ्या विकराला अडवतात आणि काही गोळ्यांचे रक्तातील प्रमाण धोकादायक वाढू शकते. मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियममुळे रस वर्ज्य असू शकतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वेळ. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला नवा विसर पडू लागला, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली जाऊ लागली, ओळखीचा रस्ता चुकू लागला, तर रसाची बाटली आणून सहा महिने वाट पाहू नका. जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता, थायरॉइडची मंदगती, नैराश्य, पडल्यानंतर डोक्यात हळूहळू साचलेले रक्त, काही औषधांचे दुष्परिणाम ही विसराची उपचार होऊ शकणारी कारणे आहेत. साध्या रक्ततपासण्या आणि गरज पडल्यास सीटी स्कॅन यांतून ती सापडतात. ही तपासणी सरकारी रुग्णालयातही होते. उशीर झाला तर यांतले काही नुकसान भरून येत नाही.

स्मृतिभ्रंशाच्या सुमारे ४५ टक्के रुग्णांमागे असलेली १४ कारणे टाळता किंवा लांबवता येण्यासारखी आहेत, असे ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये मांडले. त्यांत रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, तंबाखू, बहिरेपणा, मोतीबिंदूसारख्या दृष्टिदोषांवर उपचार न होणे, व्यायामाचा अभाव, एकटेपणा यांचा समावेश आहे. यांतल्या बहुतेक गोष्टी रक्तवाहिन्यांशी किंवा मेंदूला मिळणाऱ्या कामाशी जोडलेल्या आहेत. रक्तदाबाची गोळी न चुकवणे, कानाचे यंत्र लावणे, रोज अर्धा तास चालणे आणि चार माणसांत बसणे यांचा फायदा कोणत्याही फळपेयापेक्षा अधिक खात्रीचा आहे. त्यासोबत हंगामातले एखादे फळ रोज खावे. पेरू, मोसंबी, जांभूळ, आवळा, जे मिळेल ते, चावून आणि शक्य असेल तर चोथ्यासकट.